घर सांभाळायला माणूस

"ते सगळं ठीक आहे," सर्व्हेअरसाहेब म्हणाले, "पण घर कोण सांभाळणार?"

बाईंनी हातातली तिकिटं टेबलावर ठेवली. व्हिसा झाला होता, गुडघ्याची औषधं भरून झाली होती, पावसाळी बूट आणायचे की नाहीत यावरचं भांडणसुद्धा मिटलं होतं. उन्हाळ्याचे दोन महिने युरोपातल्या एका मोठ्या शहरात जाऊन राहायचं ठरलं होतं. सहलीसारखं शिट्टीच्या तालावर पळायचं नाही. तिथल्या मंडईतून भाजी आणायची, तिथल्या खिडकीत बसून निवडायची, चांगलं ऐसपैस राहायचं. आता फक्त बॅगा भरायच्या बाकी होत्या, आणि नेमकं तिथेच घोडं अडलं.

"कुलूप सांभाळेल," बाई म्हणाल्या.

"अगं, कुलूप चोराला अडवतं. पाण्याला अडवतं का? उंदराला? वायरला?"

साहेबांचा उभा जन्म विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात गेला होता. बाकीच्यांना लोक लग्नाला बोलावतात, वाढदिवसाला बोलावतात. साहेबांना फुटलेल्या नळाला आणि जळलेल्या मीटरला बोलावत. गुडघाभर पाण्यात तरंगणारे सोफे त्यांनी पाहिले होते, कपाटात संसार थाटलेली कबुतरं पाहिली होती. आणि प्रत्येक ठिकाणी घरमालक कपाळाला हात लावून एकच वाक्य बोलायचा: "साहेब, घर बंद होतं हो!" हे वाक्य इतक्या वेळा कानांवर पडलं होतं, की घराला कुलूप लागलं म्हणजे नुकसान दाराशी येऊन उभं राहतं, अशी साहेबांची पक्की खात्री झाली होती. त्यामुळे बाई माहेरी गेल्या की साहेब घरी आणि साहेब दौऱ्यावर गेले की बाई घरी. पोलीस चौकीतसुद्धा इतका चोख पहारा नसतो.

असा माणूस दोन महिन्यांसाठी निघायला तयार कसा झाला, हे कोडंच वाटेल. पण त्यालाही कारण होतं. बाईंची एक जुनी विद्यार्थिनी त्या शहरात राहायची. उन्हाळ्यात ती सासरी जाई, तेव्हा तिची दोन खोल्यांची जागा तिनं बाईंना देऊ केली. "नाहीतरी मी नुसतं कुलूपच लावून जाते," असं ती फोनवर सहज बोलून गेली. साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. "नुसतं कुलूप? अगं, मग आपल्याला जायलाच हवं!" असं म्हणून ते तयार झाले.

बाईंचं कारण वेगळं होतं. त्या शाळेत भूगोल शिकवत. भिंतीवरच्या नकाशात त्या शहरावर छडी टेकवून नदी कुठून येते, शहराला कशी मधोमध कापते, हे त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. दरवर्षी एखादं आगाऊ पोर विचारायचंच, "बाई, तुम्ही पाहिलंय?" बाई म्हणायच्या, "पाहणार आहे." निवृत्तीच्या दिवशीही कोणीतरी विचारलं आणि त्यांनी तेच उत्तर दिलं. मग घरी येऊन त्या स्वयंपाकघरात थोड्या रडल्या. त्यांना जायचं होतं. फार जायचं होतं.

शहराचं नाव मात्र घरात घ्यायची बंदी होती. मागे दोनदा प्रवासाचा गाजावाजा झाला होता आणि दोन्ही वेळा माशी शिंकली होती. तेव्हा पूर्वीच्या बायका नवऱ्याचा उल्लेख करीत तसा त्या शहराचा उल्लेख सुरू झाला. "तिकडे नळाचं पाणी पितात का?" "तिकडे छत्री लागेल का?" नातेवाइकांनाही "जरा बाहेर जायचंय" यापलीकडे काही सांगायचं नव्हतं.

साहेबांनी पहिला फोन आपल्या थोरल्या बहिणीला केला. ताई एकट्याच राहत.

"येईन की," ताई म्हणाल्या. "तुझ्याकडचा पलंग माझ्या पलंगापेक्षा बरा आहे. पण माझ्या मनीचं काय?"

"तिलाही घेऊन ये."

"मांजर घराला धरून असतं रे, माणसाला नाही. मी गेले तरी ती मेली ढिम्म हलायची नाही. तिच्यासाठी तिथे कुणीतरी राहायला हवं."

साहेबांना मनीविषयी एकदम आदर वाटला. त्यांनी दुसरा फोन मेहुण्याला केला. बाईंचा हा धाकटा भाऊ घड्याळजी होता आणि सध्या त्याची बायको लेकीकडे गेली होती.

"मांजराचं काही नाही, भाऊजी. मी जातो ताईंकडे. पण माझी घड्याळं?"

हे खरंच अवघड होतं. मेहुण्याच्या घराच्या भिंती गिऱ्हाइकांच्या लंबकाच्या घड्याळांनी भरल्या होत्या. दुरुस्त झालेलं घड्याळ नीट चालतंय की नाही हे बघायला ते महिना-दोन महिने टांगून ठेवायचं, रोज किल्ली द्यायची, अशी त्याची पद्धत होती. "एक जरी बंद पडलं तरी माझं नाव खराब," तो म्हणाला. मग त्यालाच आठवलं, की त्याच्या व्याह्यांना जिने चढायचा त्रास होतो. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, ह्याचं तळमजल्यावर. ते आनंदानं येतील.

व्याही कोर्टातून निवृत्त झालेले होते आणि घरातही निकालपत्र वाचल्यासारखे बोलत. "घड्याळांना किल्ली देण्यास माझी ना नाही," ते म्हणाले. "परंतु माझ्या गच्चीवरील कुंड्यांना दोन वेळा पाणी कोण घालणार, हा मुद्दा शिल्लक राहतो."

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात. इथे घोड्याऐवजी कुंड्या आल्या. पण साहेब डगमगले नाहीत. उलट त्यांच्या अंगात उत्साह संचारला. निवृत्त झाल्यापासून इतकं गुंतागुंतीचं काम हाती आलं नव्हतं. त्यांनी रविवारी सकाळी सगळ्यांना चहाला बोलावलं.

बाई आत चहा करत होत्या. बाहेर साहेबांनी टेबलावर चार रिकामे कप ओळीनं मांडले. "हे आमचं घर. हे ताईचं, हे घड्याळांचं, हे कुंड्यांचं." मग प्रत्येक कपाशेजारी एकेक बिस्कीट ठेवून ते बिस्किटं सरकवू लागले. "ताई आमच्याकडे आली. हा ताईकडे गेला. व्याहीबुवा ह्याच्याकडे गेले. बघा, तीन घरं भरली!"

"आणि चौथं?" व्याह्यांनी विचारलं. "तिथे मला जबाबदार इसम हवा. पहाटे उठणारा, नळ घट्ट बंद करणारा, जाताना दोनदा मागे वळून पाहणारा. असा मनुष्य आजकाल मिळत नाही."

साहेब चौथ्या कपाकडे टक लावून पाहत होते. बाकी सगळं इतकं बेमालूम जुळलेलं, आणि एकच घर रिकामं! त्यांना राहवलं नाही.

"मी येतो ना!" ते म्हणाले आणि त्यांनी आपलं बिस्कीट चौथ्या कपाशेजारी ठेवलं.

"वा! प्रश्नच मिटला," मेहुणा म्हणाला. व्याह्यांनी उठून हात मिळवला. तेवढ्यात बाई किटली घेऊन बाहेर आल्या. त्यांनी कप बघितले, बिस्किटं बघितली, नवऱ्याचा फुललेला चेहरा बघितला.

"भरली सगळी घरं?"

"सगळी! एकही रिकामं नाही."

"मग तिकडे कोण जाणार?"

साहेबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"तिकडे म्हणजे कुठे गं?" ताईंनी विचारलं.

बाईंनी त्या शहराचं नाव घेतलं. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा खणखणीत आवाजात घेतलं, आणि पाठोपाठ नदीचंही घेतलं.

ताई भावाकडे वळल्या. "म्हणजे तुझं घर सांभाळायला मी, माझं सांभाळायला हा, ह्याचं सांभाळायला हे, आणि ह्यांचं सांभाळायला तू? अरे, मग आपण सगळे आपापल्या घरीच बसलो तर काय बिघडलं?"

"युक्तिवाद बिनतोड आहे," व्याही म्हणाले आणि त्यांनी एक बिस्कीट खाऊन टाकलं. ते मेहुण्याचं होतं.

"कुलूप लाव आणि जा गुपचूप," ताई म्हणाल्या.

"ताई, तुला कल्पना नाही. एकदा एका बंद घरात—"

"असू दे, वन्सं," बाई शांतपणे म्हणाल्या. "ह्यांना घर सोडवत नाही ना? ह्यांनी राहावं. मी जाते."

"एकटी?"

"हो. तिकडे नदी आहे ना."

बाई रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर साहेबांना समजूत तरी काढता आली असती. ठरलेल्या दिवशी त्या खरोखरच निघाल्या. विमानतळावर साहेबांनी त्यांना तिकडच्या घराचे नळ, गॅस आणि खिडक्या यांविषयी भरपूर सूचना दिल्या. बाईंनी त्या ऐकून घेतल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तुमच्या तिकिटाची तारीख बदलून मिळते म्हणे." मग बॅग ओढत त्या आत गेल्या. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

सुरुवातीला साहेबांची छाती अभिमानानं फुगली होती. सकाळ-संध्याकाळ ते सगळ्या खोल्यांतून फेरी मारत, नळांना हात लावून पाहत, विजेच्या बटणांचा वास घेत. घर जसंच्या तसं होतं. नळ गळत नव्हता, वायर तापत नव्हती, कबुतरं शेजाऱ्यांच्या खिडकीत समाधानी होती. घराला आपली काही गरजच नाही की काय, अशी एक बारीकशी शंका त्यांच्या मनात येऊ लागली. जेवताना समोरची खुर्ची रिकामी दिसे, म्हणून त्यांनी ती भिंतीकडे वळवून ठेवली. त्यानं ती जास्तच रिकामी दिसू लागली.

एके दुपारी पाणी गेलं. साहेबांनी स्वयंपाकघरातला नळ उघडून पाहिला, थेंब आला नाही, म्हणून खरकट्यानं तुंबलेल्या सिंकवर तसाच सोडून दिला. मग चहासाठी दूध गॅसवर ठेवलं. दूध तापेपर्यंत जरा बसावं म्हणून ते आरामखुर्चीत टेकले आणि तिकडे आता किती वाजले असतील, ती जेवली असेल का, याचा हिशेब करता करता त्यांचा डोळा लागला.

दाराची बेल वाजली, वाजत राहिली. साहेब उठले आणि त्यांचा पाय थंडगार पाण्यात पडला. घरभर जळक्या दुधाचा धूर होता. कसाबसा गॅस आणि नळ बंद करून त्यांनी दार उघडलं, तर दारात खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य उभा. त्याच्या डोक्यावरून पाणी निथळत होतं.

"काका? तुम्ही घरात आहात?" तो चकित होऊन म्हणाला. "छतातून पाणी यायला लागलं तेव्हा मला वाटलं, घर बंद असेल!"

साहेबांनी त्याची माफी मागितली, त्याच्या घरी जाऊन फरशी पुसून दिली, मग वर येऊन आपली पुसायला घेतली. आणि मग ओल्या सतरंजीवर उभे असताना जुनी सवय जागी झाली. ते पाहणी करू लागले. पाणी कुठून आलं? उघड्या नळातून. नळ उघडला कुणी? आग कशानं लागली असती? दुधाच्या पातेल्यानं. पातेलं ठेवलं कुणी? घर बंद असतं तर नळ बंद असता, गॅस बंद असता, पातेलं फळीवर पालथं असतं. असंख्य घरांच्या नुकसानीचं कारण त्यांनी आजवर एका दमात सांगितलं होतं. आजही कारण स्वच्छ दिसत होतं: घरात माणूस होता.

संध्याकाळी बाईंचा फोन आला.

"कसं आहे घर?"

साहेबांनी ओल्या सतरंजीकडे पाहिलं. "घराला धोका आहे," ते म्हणाले.

"अगंबाई! कशाचा?"

"माझा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सतरंजीचं, दुधाचं, दंतवैद्याच्या डोक्याचंसुद्धा. बाई पलीकडे इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. साहेबांना तो ठसका ऐकूनही बरं वाटलं.

"तू काय करतेस दिवसभर?" त्यांनी विचारलं.

"संध्याकाळी नदीवर जाऊन बसते. इथे उन्हाळ्यात दिवस मावळतच नाही हो, किती वेळ उजेड असतो! एक बाक आहे पुलाजवळ. रोज तिथेच."

"एकटीच?"

"एकटीच. शेजारची जागा रिकामी असते. कुणी बसायला आलं की मी पटकन तिथे पर्स ठेवते. सांभाळते झालं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"जागा अशी फार दिवस रिकामी ठेवणं बरं नाही," ते म्हणाले.

"तेच म्हणते मी."

"अगं," साहेब उठून उभे राहिले, "ते आपलं मोठं कुलूप कुठे ठेवलंयस?"