निळ्या फुलांची कपबशी

गरिबी पाहायला जायचं तर आधी निरोप देऊन जावं, हा सभ्यतेचा नियम आहे. न कळवता गेलं तर गरीब कामावर गेलेले असतात आणि दाराला कुलूप दिसतं.

म्हणून थंड देशातले साहेब येणार, हे पोखर्णीजवळच्या त्या गावाला आठ दिवस आधी कळलं. त्यांना उष्ण देशातली गरिबी आणि तिच्यावरच्या योजना, दोन्ही पाहायच्या होत्या (वेळ: पाऊण तास, चहासह). ग्रामसेवक भुजंगरावांनी मुंजाजीचं घर निवडलं. पत्र्याला भोकं होती, सरकारी घरकुलाच्या यादीत नाव होतं, आणि मुख्य म्हणजे दारासमोर गाडी वळत होती.

"मामा, मामी गेल्यापासून घर कसं नमुनेदार दिसायलंय," भुजंगराव म्हणाले. "चहा जर्मनच्या चेपलेल्या पेल्यात द्या. चांगलं कायी भायेर काढू नका."

मुंजाजीनं मान डोलावली. घरकुल त्याला पाहिजेच होतं. गळक्या पत्र्याखाली त्याच्या बायकोनं, कुसुमबाईनं, दोन पावसाळे खाट सरकवत काढले होते. तिसऱ्याला ती नव्हती आणि खाट जिथल्या तिथं भिजली होती.

साहेब आले. त्यांनी भोकं मोजली (अकरा) आणि नोंद केली की, हवा खेळती ठेवण्याची सोय इथल्या गरिबांनी स्वखर्चानं केलेली आहे. सगळं बेस चाललं होतं. तेवढ्यात साहेबांनी वाकून, हात जोडून "रामराम" घातला.

रामराम घालणारा माणूस साहेब राहत नाही, पाहुणा होतो. मुंजाजीनं फळीवरून कुसुमबाईच्या निळ्या फुलांच्या कपबश्या काढल्या. सहाच्या सहा.

"मामा, काय करायलाव!"

"चहा पाजायलोय. पाव्हण्याला जर्मनचा पेला दिला असता, तर तिनं मलाच घराभायेर काढलं असतं."

साहेबांनी चहा दोनदा घेतला, तोंडभर कौतुक केलं आणि लिहिलं: कपबश्या सहा, तडकलेली एकही नाही. महिन्याभरात मुंजाजीचं नाव यादीतून निघालं. शेरा: 'राहणीमान उंचावले.' योजनेला एक यश मिळालं, तेही वीट न रचता.

पाऊस लागला तेव्हा मुंजाजीनं कुसुमबाईची माफी मागून अकरा भोकांखाली सहा कप आणि पाच बश्या मांडल्या. एक बशी उरली. म्हणजे सुबत्ताच.

सहा कपबश्या असणाऱ्याला घरकुल कशाला, असं वाचताना क्षणभर तुमच्याही मनात आलं असेल, तर संकोचू नका. पाहणीला माणसं कमीच पडतात. अट एकच: स्वतःच्या घरातले कप कधी मोजलेले नसावेत.