बारावं मत

दाराची मूठ घड्याळकाकांच्या हातात आली आणि दार मात्र जिथल्या तिथे राहिलं. चर्चच्या मागच्या सामानखोलीत ते सभासदांची वही घ्यायला आले होते. वही काखेत, मूठ हातात आणि बाहेर पडायची वाट बंद. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. चार वाजून सहा मिनिटं.

एरवी काका अर्धा तास अडकले असते तर बायकोने उलट देवाचे आभार मानले असते. पण आज चारला सभा होती. या काँग्रिगेशनल मंडळीवर ना बिशप, ना कुणी वरिष्ठ. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नेमायचा तर सभासदांनीच हात वर करून नेमायचा. दोन वर्षं चर्चला पाळक नव्हता, आणि आजही नेमला गेला नाही तर दाराला कुलूप लावून सगळ्यांनी नदीपलीकडच्या मोठ्या मंडळीत जायचं, असं ठरून चुकलं होतं. सभेला बारा जण लागत. चौदा सभासदांपैकी एक दवाखान्यात, एक लेकीकडे परदेशी. उरले बरोब्बर बारा, काकांना धरून. साडेचारपर्यंत बारा भरले नाहीत तर सभा रद्द! हा नियम काकांनीच तीस वर्षांपूर्वी, चिटणीस झाल्या झाल्या, सगळ्यांशी भांडून करून घेतला होता.

काकांनी दार बडवलं, हाका मारल्या. पण सभागृहात अकरा जण वेळ काढायला गीत गात होते, आणि त्यात बेकरीवाले होते. बेकरीवाले गायला लागले की शेजारच्याला स्वतःचाही आवाज ऐकू येत नसे.

"कोण आहे आत?" बाहेरून बाईचा आवाज आला.

काकांनी दार बडवणं थांबवलं. आवाज त्यांनी ओळखला. मतदान होईपर्यंत उमेदवाराने बाहेर बसायचं, ही इथली रीत. त्यामुळे पाळकपदाची उमेदवार बोळातल्या बाकावर एकटीच बसली होती. तिशीची, कागद न घेता बोलणारी, सकाळी आल्या आल्या बाकं गोल मांडायला लावणारी आणि सतरा मिनिटांत संदेश, म्हणजे प्रवचन, आटोपणारी! काकांना ती मुळीच पटली नव्हती. नेमणुकीला आठ मतं लागत. तिच्याकडे सात होती. बायको, मेहुणा, औषधवाले आणि बेकरीवाले यांना काकांनी महिनाभर डोकं खाऊन आपल्या बाजूला वळवलं होतं. ती पडली की लगेच दुसरा ठराव यायचा होता, एका वयस्कर पाळकांचा. ते पन्नास मिनिटं बोलल्याशिवाय कधी खाली बसत नसत.

"मी चिटणीस," काका शेवटी म्हणाले. "मूठ निघाली."

"अगं बाई! थांबा, मी कुणाला तरी बोलावते."

"नको! ठराव होईस्तोवर उमेदवाराने सभागृहात पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर उमेदवारी बाद."

"हा नियम कुणी केला?"

काकांनी खिशातलं घड्याळ काढलं. घड्याळात सव्वाचार झाले होते.

"काका, बाहेरून कुलपावर पट्टी दिसतेय. चार स्क्रू आहेत. काढले तर आतला खटका सरकवता येईल, पण माझ्याकडे काही नाही हो."

काकांच्या वरच्या खिशात घड्याळदुरुस्तीच्या दुकानातला बारीक स्क्रू ड्रायव्हर कायम असे. त्यांनी तो दाराखालून सरकवला, पण सरकवता सरकवता त्यांना राहवेना. खोटं त्यांना जमत नसे.

"बाई, आधीच सांगून ठेवतो. मी बाहेर आलो की तुमच्या विरोधात मत देणार आहे."

"ठाऊक आहे. संदेश चालू असताना तुम्ही तीनदा घड्याळ पाहिलंत."

"चारदा. म्हणजे मी आतच राहिलो तर तुम्ही पडणार तरी नाही."

"सभाच मोडेल ना पण. मला काय, दुसरीकडे कुठेतरी काम मिळेल. तुम्हांला या वयात दुसरं चर्च कुठे मिळणार? बोलत बसू नका, डावीकडे फिरवायचे ना?"

"डावीकडे," काका म्हणाले आणि दाराला कान लावून उभे राहिले.

पहिला स्क्रू निघाला तेव्हा चार बावीस. दुसऱ्याला चार पंचवीस. तिसरा गंजलेला होता. "जोर लावू नका, टोक तुटेल!" काका ओरडले, आणि टोक तुटलं. मोडक्या टोकाने तिने तो कसाबसा फिरवला. चौथा तिने काढलाच नाही. पट्टीच बाजूला वळवली आणि बोटाने खटका ढकलला. चार अठ्ठावीस. तिचं बोट रक्ताळलं होतं. काकांना थांबून निदान दोन शब्द बोलायचे होते, पण तिनेच त्यांना ढकललं. "पळा!"

काका धुळीने माखलेले, धापा टाकत सभागृहात शिरले. कुणी 'या' म्हटलं नाही. बायकोने तर तोंडच फिरवलं.

"अहो, मी तिकडे..."

"खुलासा नंतर," अध्यक्ष असलेल्या हेडबाई करड्या आवाजात म्हणाल्या. "बारा भरले. बाईंना पाळक नेमावं, या बाजूचे हात वर."

महिनाभराची मेहनत, मेहुण्याला घातलेली गळ, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि हात वर केला. आता बायको किंचाळणार, मेहुणा उठून जाणार! पण काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी एक डोळा उघडला. बाराच्या बारा हात वर होते.

"अगं, तू सुद्धा?" काका कुजबुजले.

"मग काय करू? हरण्याच्या भीतीने दडी मारून सभा मोडायला निघालात! दादा म्हणाला, असला रडीचा डाव? मग आपण चौघंही तिलाच मत देऊ."

"अगं, मी अडकलो होतो! तिनेच सोडवलं मला!"

बायकोने त्यांच्या केसांतल्या धुळीकडे पाहिलं. मेहुण्याने औषधवाल्यांकडे, औषधवाल्यांनी बेकरीवाल्यांकडे. चौघांचे हात हवेत जरासे डगमगले.

"एकमत!" हेडबाई म्हणाल्या. "चिटणीस, नोंद करा. बोलवा बाईंना."

ती बोटाला रुमाल गुंडाळून आली. एकमताचं ऐकून तिचे डोळे भरून आले. "मला तर वाटलं होतं, पाच जण विरोधात आहेत. हे झालं कसं?"

खोटं न जमणारे काका उठून उभे राहिले. "खरं सांगायचं तर..." चौघांनी श्वास रोखला. बायकोने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

"खरं सांगायचं तर," काका म्हणाले, "आम्ही सगळे तुमचीच वाट पाहत होतो."

खाली बसून त्यांनी ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहिलं. मग सवयीप्रमाणे चूक शोधायला पुन्हा वाचलं. काही सापडली नाही.