परबकाका आणि निळा धूर

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीतले परबकाका समोरून येणारी गाडी बघतच नाहीत. ते गेलेल्या गाडीचं मागचं टोक बघतात. उभा जन्म गॅरेजमध्ये गेल्यामुळे सायलेन्सरचा धूर म्हणजे त्यांना आजाऱ्याची जीभ वाटते. काळा दिसला की "पेट्रोल जास्त पितेय," दाट पांढरा दिसला की "पाणी आत शिरलं," आणि निळा दिसला की नुसतं "अरेरे."

एकदा लालबागला नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी थांबली, तर काका तिच्यामागे जाऊन वाकले. मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचा विधी, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचा. नवऱ्याच्या मामाने घाईघाईने काकांच्या हातात नारळ दिला. काकांनी तो घेतला आणि म्हणाले, "एअर फिल्टर चोंदलाय. नवरा पोचेल, गाडीचं सांगता येत नाही."

पुढे आमचीच गाडी निळा धूर सोडायला लागली. ती माझ्या वडिलांची, आणि वडील जाऊन तीन वर्षं झालेली. गॅरेजवाल्याने इंजिन संपलं, भंगारात काढा, असं सांगितल्यावर आई दोन दिवस धड जेवली नाही. मी काकांना गाठलं. त्यांचा हुकूम सुटला की रोज सकाळी गाडी त्यांच्यासमोरच चालू करायची, त्याआधी तिला हात लावायचा नाही. चार दिवस काका लुंगी सावरत सायलेन्सरपाशी उकिडवे बसले, अत्तर हुंगावं तसा धूर हुंगत राहिले. मग वर त्यांच्या खोलीत चहा, आणि चहासोबत जुन्या इंजिनांची चरित्रं.

पाचव्या दिवशी निकाल लागला. "सुरू होताना एक भपका, मग साफ. म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक आहेत. व्हॉल्व्हचे रबरी सील गेलेत, रात्रभर ऑइल झिरपतं ते सकाळी जळतं. बापसाचं इंजिन अजून दणकट आहे रे तुझ्या."

सील बदलले, धूर गेला. आईने बॉनेटला हळदकुंकू लावलं. मी मात्र कामाच्या गडबडीत आठवडाभर काकांकडे फिरकलो नाही.

रविवारी पेढे घेऊन वर गेलो. ओट्यावर दोन कप होते. एक रिकामा, दुसऱ्यातल्या चहावर साय धरलेली. कुणी आलं होतं का, विचारलं. काकांनी नाही म्हणून मान हलवली. काकी गेल्यावर एकट्यापुरता चहा टाकायची सवय मोठ्या मुश्किलीने लागली होती, म्हणाले, ती तुझ्या गाडीने मोडली.

"धूर?" त्यांनी विचारलं.

"नाही."

काकांनी पेढ्यांचा पुडा न उघडताच ओट्यावर ठेवला.

"उद्या सातला येतो," मी म्हटलं. "गाडी नाही, नुसताच."

काकांनी साय धरलेला कप मोरीत ओतला आणि विसळायला घेतला.

"साडेसहाला ये," ते म्हणाले. "सातला पाणी जातं."