डिसेंबरपर्यंत सर्व ठीक

एका परक्या देशात स्थायिक होण्याच्या अर्जातल्या ‘कुशल कामगार’ या चौकोनात खूण करण्यापूर्वी बायकोने नवऱ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. कुशल कामगार पलंगावर आडवा पडून, पोटावर मोबाइल ठेवून मॅच बघत होता. तिने तरीही खूण केली, कारण बाकीचे चौकोन डॉक्टर, इंजिनियर आणि शास्त्रज्ञ यांच्यासाठी होते.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. लिफ्टच्या नुसत्या आवाजावरून कुठला भाग कुरकुरतोय हे तो तळमजल्यावर उभा राहून सांगायचा. हात खरोखर चांगला होता, तो हलवण्याचा कंटाळा तेवढा होता. लिफ्ट बंद पडली की जायचं, चालू करायची, चहा प्यायचा आणि यायचं. लिफ्ट बंद पडण्याआधी जाणं त्याला आगाऊपणाचं वाटायचं.

त्या देशाला इथल्या एकशे चाळीस कोटी माणसांतली नेमकी कामाची तेवढी हवी होती. म्हणून त्यांनी गुण ठेवले होते. शिक्षणाचे, भाषेचे, अनुभवाचे आणि वयाचे. येत्या फेब्रुवारीच्या नऊ तारखेला नवरा पंचेचाळीस पूर्ण करणार होता आणि त्या दिवशी त्याचे पंधरा गुण जाणार होते. ते गेले की चौघांचं जाणंही गेलं. बायकोने तर मनाने सामान बांधलंसुद्धा होतं. मुलीची शाळा संपली होती, पण पुढचं तिकडेच शिकायचं म्हणून इथल्या एकाही कॉलेजचा फॉर्म भरला नव्हता. धाकट्याला घरात जेवायलासुद्धा परकी भाषा वापरावी लागत होती, त्यामुळे तो बिचारा महिनाभर दुसऱ्यांदा भात मागत नव्हता.

अर्ज भरून देणारा एक सल्लागार त्यांना मिळाला होता. त्याच्या टेबलावर बारा देशांचे झेंडे होते आणि तो स्वतः शेजारच्या तालुक्यापलीकडे गेलेला नव्हता. त्याने अनुभवाचं पत्र आणायला सांगितलं. नवरा मॅनेजरकडे गेला. मॅनेजर म्हणाला, तूच लिहून आण, मी सही मारतो. मग नवऱ्याने स्वतःच स्वतःची इतकी तारीफ केली की वाचताना बायकोला क्षणभर आपण कुणाशी लग्न केलंय ते समजेना. मॅनेजरने न वाचता सही केली.

पण त्या देशाला पत्र पुरलं नाही. प्रत्यक्ष कामाचा पुरावा द्या, असं त्यांनी कळवलं.

पुरावा होता. प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, एक कार्ड टांगलेलं असतं. त्यावर बारा महिन्यांचे बारा रकाने. मेकॅनिकने दर महिन्याला यायचं, लिफ्ट तपासायची, रकान्यात तारीख टाकायची, ‘तपासले, ठीक’ असं लिहायचं आणि सही करायची. नवऱ्याकडे अशा सव्वीस इमारती होत्या. मे महिन्यातल्या पहिल्याच रविवारी नवरा-बायको सव्वीस गच्च्या चढले, सगळ्या कार्डांचे फोटो काढले, बायकोने ते ओळीने लावले आणि सल्लागाराने पाठवून दिले.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अतिशय सभ्य भाषेत त्यांनी विचारलं होतं की अर्जदाराने जूनपासून डिसेंबरपर्यंतचं काम मे महिन्यातच कसं केलं, याचा खुलासा व्हावा.

झालं होतं असं की दर जानेवारीत नवी कार्डं आली की नवरा एका दमात वर्षभराच्या सह्या करून मोकळा व्हायचा. त्यात लपवाछपवी काही नव्हती. त्याच्या आधीचा मेकॅनिक तसंच करायचा, त्याच्या आधीचाही. त्यामुळे भरलेलं कार्ड बघून नवऱ्याला काही खटकलं नाही. भरलेलं कार्ड म्हणजे चांगलं कार्ड, एवढंच त्याला माहीत होतं. सल्लागाराने तर बारा रकाने भरलेले बघून शाबासकी दिली होती.

मॅनेजर हे ऐकून संतापला असता, पण ‘पर्यवेक्षकाने पाहिले’ या रकान्यातही डिसेंबरपर्यंत सह्या होत्या आणि त्या त्याच्याच होत्या. तो म्हणाला, वातावरण गरम आहे, पंखा वाढव.

सल्लागाराने डोकं धरलं. मग त्याने खुलासा लिहिला की या तारखा म्हणजे कामाचं आगाऊ वेळापत्रक आहे आणि आमचे अर्जदार त्याबाहेर एक दिवसही जात नाहीत. त्या देशाला ही पद्धत फार आवडली. त्यांनी कळवलं की ठीक आहे, आम्ही डिसेंबर संपेपर्यंत थांबतो. त्यानंतर सव्वीस इमारतींच्या सेक्रेटरींना आम्हीच पत्र लिहून विचारू, की हा मनुष्य सांगितल्या तारखेला येत होता की नाही. ते म्हणतील त्यावर निर्णय.

“म्हणजे आता काय करायचं?” नवऱ्याने विचारलं.

“जायचं,” बायको म्हणाली. “जी तारीख लिहिलीय त्या तारखेला जायचं आणि जे लिहिलंय ते करायचं.”

“दर महिन्याला?”

“अहो, तुम्हीच लिहिलंय.”

लिहिताना नवऱ्याने तारखांचा फारसा विचार केलेला नव्हता. जुलैच्या चौदा तारखेला एकट्याने अकरा लिफ्ट तपासल्याची नोंद होती. ऑगस्टमध्ये सलग सहा रविवार त्याने काम केलं होतं, म्हणजे एक रविवार उधारीवर आणावा लागणार होता. मेहुण्याच्या लग्नाच्या दिवशी तीन लिफ्ट होत्या. आणि एका कार्डावर सप्टेंबरची एकतीस तारीख होती. तिचं काय करायचं हे सल्लागारालाही सांगता येईना.

पण बायकोने मनावर घेतलं. तिने तारखांची यादी भिंतीला चिकटवली. रोज सकाळी ती यादी वाचायची, नवऱ्याला उठवायची आणि बॅटरी घेऊन त्याच्याबरोबर निघायची. नवरा लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरायचा, बायको वरून उजेड धरायची. दरवाजांच्या खाचांतून हेअरपिना, बटणं, एका इमारतीत तर कुणाची तरी कवळी निघाली. त्याने रूळ पुसले, तेल दिलं, ब्रेक घट्ट केले, झिजलेले दोर बदलायला लावले. चौदा जुलैला तो अकरावी लिफ्ट तपासून घरी आला तेव्हा त्याला जेवायला भरवावं लागलं. मेहुण्याच्या लग्नात तो जेमतेम शेवटच्या पंगतीला पोचला, हाताला ग्रीस तसंच.

पहिले दोन महिने तो रोज कुरकुरला. तिसऱ्या महिन्यात कुरकुर कमी झाली. पुढे तर तो आपणहून लवकर उठायला लागला. एखादी लिफ्ट आवाज न करता वर गेली की तो दारात उभा राहून ऐकत बसायचा. बायकोला हे आवडत होतं, आणि आपल्याला आवडतंय याचा तिला थोडा रागही येत होता. हीच अक्कल एकोणीस वर्षांपूर्वी, लग्न झालं तेव्हा आली असती तर आज आपण तिकडे असतो, असं ती मनाशी म्हणायची.

एकच पंचाईत होती. खरं काम झालं, की सही करायला कार्डावर जागाच नसायची. तिथे आधीच सही असायची.

डिसेंबर संपला. सात महिन्यांत सव्वीस इमारतींतली एकही लिफ्ट बंद पडली नाही. म्हाताऱ्या माणसांनी गच्चीवर जाऊन ऊन खाल्लं. सल्लागार म्हणाला, आता सेक्रेटरींची पत्रं जाऊ द्या, विमानाचं बघायला घ्या.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निर्णय आला. अर्ज नामंजूर. सव्वीसच्या सव्वीस सेक्रेटरींनी लेखी कळवलं होतं, की सदर मनुष्य आमच्या इमारतीत आम्ही कधीही पाहिलेला नाही.

नवऱ्याने ते तीनदा वाचलं. मग तडक बायकोला घेऊन तो पहिल्या इमारतीत गेला. तिथले सेक्रेटरी निवृत्त मुख्याध्यापक होते, चौथ्या मजल्यावर राहायचे आणि त्यांचा उजवा गुडघा कामातून गेलेला होता. त्यांनी दोघांना प्रेमाने आत घेतलं, खुर्च्या दिल्या, पाणी आणलं.

“सर, मागच्याच आठवड्यात मी इथे तीन तास होतो,” नवरा म्हणाला. “तुम्ही स्वतः मला चहा दिलात.”

“दिला ना. परत करू का?”

“मग मला कधी पाहिलंच नाही असं का लिहिलंत?”

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. “हे बघा, तुमच्याविरुद्ध मी एक अक्षरही वाईट लिहिलेलं नाही. आळशी म्हटलं नाही, लबाड म्हटलं नाही. दहा वर्षं मी हे चार जिने चढलो. आता कुठे सात महिने लिफ्ट चालतेय. आणि ते लोक विचारतात, हा चांगला आहे का, आम्ही नेऊ का. काय लिहू?”

“पण बाकीच्या पंचवीस जणांनीही तेच लिहिलं.”

“मी कुणालाही फोन केलेला नाही,” मुख्याध्यापक म्हणाले. “त्यांनाही जिने आहेत.”

नवऱ्याने विचारलं, “आणि हेच पत्र गेल्या वर्षी आलं असतं तर?”

“गेल्या वर्षी?” मुख्याध्यापक जरा विचारात पडले. “गेल्या वर्षी मी लिहिलं असतं की हा मनुष्य दर महिन्याला न चुकता येतो, असा मेकॅनिक मिळणार नाही, ताबडतोब घेऊन जा.”

दोघं घरी आले. मुलीने त्यांचे चेहरे बघितले आणि ती कॉलेजांची यादी उघडून बसली. तिचा एक वर्षाचा खाडा झाला होता. बायकोला ते बघवलं नाही. आयुष्यात इतकी मेहनत त्या दोघांनी कधी केली नव्हती, आणि नेमकी तीच आडवी आली होती. ती स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली आणि तोंड धुऊन बाहेर आली.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला नवरा पंचेचाळीस वर्षांचा झाला. सकाळी साडेआठला फोन वाजला, तो बायकोने उचलला. सतराव्या इमारतीचे सेक्रेटरी होते. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार जरा अडकतंय, साहेबांना लगेच पाठवता का, असं ते अगदी गोड आवाजात विचारत होते.

“कोणत्या साहेबांना?” बायको म्हणाली. “तुम्ही तर आमच्या साहेबांना कधी पाहिलेलंच नाही. मग बोलावताय कुणाला?”

तिने समाधानाने फोन ठेवला आणि मागे वळून पाहिलं, तर नवरा दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होता.