सासऱ्यांचा खिळा

ओटमार गेकलेला संशय यायला फार काही लागत नसे. चाळीस वर्षं त्याने दुकानदारांचे तराजू तपासले होते. काटा हलला की कुणीतरी लबाडी केली, एवढं त्याला पक्कं ठाऊक. त्यामुळे निवृत्तीनंतर घर गरम ठेवणाऱ्या तळघरातल्या हीटिंगचा, नळ्यांतल्या पाण्याचा दाब दाखवणारा काटा दर आठवड्याला दीडवरून एकवर यायला लागला, तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी निकाल दिला: पाणी गळतंय, आणि कुणाच्या तरी पापामुळे गळतंय.

आधी त्याने खोल्याखोल्यांतल्या, गरम पाणी खेळणाऱ्या नऊच्या नऊ रेडिएटरांच्या सांध्यांना टिश्यू पेपर गुंडाळले. घराला सर्दी झाल्यासारखं दिसायला लागलं. रोज सकाळी गुडघ्यांवर बसून तो कागद चाचपायचा. ठणठणीत कोरडे! मग त्याची नजर बैठकीच्या लाकडी फरशीवर गेली. नळ्या तिच्याखालूनच जात होत्या. आणि ती फरशी घातली होती खुद्द सासऱ्यांनी.

"खिळा!" तो ओरडला. "तुझ्या बाबांनी नळीत खिळा ठोकलाय!"

त्याची बायको इर्मट्राउट पिठाच्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली, ओटमार."

"म्हणूनच इतके दिवस पकडले गेले नाहीत."

"आणि खिळा आत्ता गळायला लागला होय रे?"

"गंजला असेल. सासरा सुटला, जावई भरतोय."

"सहा आठवडे गुडघे फोडून घातली त्यांनी ही फरशी! आपल्या लग्नात आपण नाचलो ते इथंच. हिला हात लावलास तर याद राख!" बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

ओटमारला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण काटा खोटं बोलत नाही, आणि सासऱ्यांबद्दल तसं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. (लग्नाच्या दिवशी त्यांनी ओटमारकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, ती तो विसरला नव्हता.) त्याने हीटिंगवाल्या नेगेलेला फोन लावला आणि शनिवारी फरशी फोडायचं ठरवून टाकलं.

त्यातच इर्मट्राउटचा कुंडीतला फायकस वाळत चालला होता. पानं टपाटप गळत होती. तिचा संशय शेजारच्या मांजरावर होता. त्या घरात संशयाला काही तोटा नव्हता.

शनिवारी नेगेले छिन्नी-हातोडा घेऊन आला तेव्हा ओटमारचा रस्ता झाडून झाला होता. (जर्मनीच्या श्वाबिया भागातल्या गावात शनिवारी दारापुढं न झाडणाऱ्याचं नाव आठवडाभर गल्लीच्या तोंडी असतं.) आता शनिवारचं दुसरं काम चाललं होतं. एका हातात रेडिएटरची छोटी किल्ली, दुसऱ्या हातात कॉफीचा मग.

"हे काय करताय?" नेगेलेने विचारलं.

"हवा काढतोय. रेडिएटर गुरगुरतात ना!"

"ती वर्षातून एकदा काढली तरी पुरे."

"मी दर शनिवारी काढतो. काम कसं नेमाने व्हायला हवं."

"पाणी दिसलं की लगेच बंद करता ना?"

"छे! मग पुरा भरू देतो. खात्री नको?"

नेगेलेने हातोडा हळूच खाली ठेवला. "नऊ रेडिएटर, नऊ मग. आणि काटा उतरला की?"

"रविवारी नळ जोडून नवं पाणी भरतो."

"आणि नव्या पाण्याबरोबर नवी हवा आत येते. मग पुन्हा गुरगुर, पुन्हा शनिवार, पुन्हा तुम्ही."

फरशीच्या मधोमध पाय रोवून उभ्या असलेल्या इर्मट्राउटने विचारलं, "आणि ते पाणी तू ओततोस कुठं?"

"ओतून वाया घालवायला मी काय वेडा आहे? फायकसला घालतो."

तिने मगात डोकावून पाहिलं. पाणी काळंकुट्ट होतं आणि त्याला गंजाचा वास मारत होता. तिने एकदा मगाकडे पाहिलं, एकदा फायकसकडे. नवऱ्याकडे पाहिलंच नाही, यावरून काय ते समजा.

नेगेले आल्यासारखा अहवाल लिहून गेला: 'गळतीचं ठिकाण: घरमालक. उपाय: किल्ली बायकोकडे ठेवणे. फरशी उत्तम.'

इर्मट्राउटने किल्ली बाबांच्या फोटोखाली टांगली. "आता बाबाच लक्ष ठेवतील." बाबा फोटोतून त्याच जुन्या नजरेने बघत होते.

ओटमारने अहवाल दोनदा वाचला. पण कागद तो कागद, फायलीत गेलाच पाहिजे. त्याने पंचिंग मशीन काढलं आणि समासात नीट दोन भोकं पाडली. एवढ्या सगळ्या भानगडीत त्या घरात पडलेली भोकं तेवढीच.