नितेशची मिशी

शेखरला पोरांचं मोठं होणं बघवत नाही. माझ्याच पोटचा, शाळेत मास्तर, पण अक्कल अजून हजेरीला आली नाही. पहिलीपासून दर वर्षी एकाच वर्गाची शूटिंग काढत आला. म्हणे, पोरं कशी वाढतात त्याचा माहितीपट. उद्या दहावीचा निरोप समारंभ, तिथं तो दाखवायचा, आणि याला आज कळलं की सातवीची शूटिंग मोबाईलातून पुसली गेली.

सातवीत त्याच वर्गातल्या, शेजारच्या खुशालरावांच्या नितेशचं डोकं उवांपायी चकोट केलं होतं. म्हणून सातवी पुन्हा काढायला याला आज तसाच नितेश पाहिजे! धरून नेलं आणि गफ्फारभाईंच्या सलूनात खुर्चीत बसवलं.

"डोकं काढा. मिशी बी काढा."

मिशी कसली, नुकतं उगवलेलं गवत. पण पोरानं आरशात रोज गोंजारलेली. ते हमसून रडायला लागलं.

गफ्फारभाईंनी वस्तरा थांबवला. "कौन गुजर गया, मास्तर?"

शेखरच्या कानाला फोन. "आधी उरका भाऊ, टाइम नाई!"

बाप गेल्याशिवाय आमच्यात डोकं-मिशी एकदम कोण काढतं? त्यात खुशालराव जंगलात, सेमाडोहला गेलेले, तिथं फोन लागत नाही. गफ्फारभाईंनी दोनात दोन मिळवले, दुकानाचं शटर ओढलं आणि खुशालरावांच्या ओट्यावर मान खाली घालून बसले. त्यांच्यामागे पानठेलेवाला, त्याच्यामागे सारी गल्ली.

नितेशची आई कणकेच्या हातानं बाहेर आली. समोर गर्दी, गर्दीत तुळतुळीत पोरगं, डोळे सुजलेले. तिनं हंबरडाच फोडला.

"आवो, मलेच कावून नाई सांगतलं कोनी!"

मीही पदर डोळ्याला लावला. "लाखातला मानूस होता," म्हणाले. जिवंतपणी कधी म्हटलं नव्हतं.

इकडे शेखर मोबाईल रोखून ओरडतो, "जरा बाजूले सरका, सातवीत गर्दी नोती!"

तेवढ्यात ऑटोतून खुशालराव उतरले, हातात मधाची बाटली. बायकोची रडारड ऐकली, पोराचं डोकं पाहिलं. बाटली तिथंच फुटली.

"कोन गेलं बापा?"

गफ्फारभाई उठून अदबीनं म्हणाले, "तुमीच."

खुशालराव मटकन पायरीवर बसले आणि सगळ्यांबरोबर रडू लागले.

"नितेश, बापाकडे पाहू नको," शेखर म्हणाला, "सातवीतल्यासारखा हास!"

मी उठले, चारचौघांत त्याचा कान पिळला.

"मास्तर झाला तू! मिशी काढून पोरगं लहान नाई होत रे, बाप मरते त्याचा!"