वाडगा, नग एक

रकाना १. अर्जदाराचे नाव व हुद्दा

"‘पंपवाला’ हा काही हुद्दा नाही," मास्तर म्हणाले. "मी ‘यंत्रचालक’ लिहितो."

"लिहा की. पण यंत्र कुठंय? एक मोटर आहे आणि एक मी आहे."

पंपघरात बसायला एकच स्टूल होतं आणि त्यावर मास्तर बसले होते. पंपवाला उलट्या घातलेल्या बादलीवर बसला होता. बाहेर विहीर, विहिरीवर मोटर, मागे चार खांबांवर टाकी. या टाकीचं पाणी बासष्ट घरं आणि रस्त्याच्या टोकाचं एक पाळणाघर पीत असत. पाळणाघरात अकरा मुलं होती आणि त्यांना सांभाळायला पंपवाल्याची बायको होती.

नवा नियम आला होता. छोट्या पाणीयोजनांनी पाणी उपसायचं आणि निर्जंतुक करायचं प्रत्येक उपकरण मंजूर करून घ्यायचं. म्हणून समितीने क्लोरीन आपोआप थेंबथेंब सोडणारं एक निळं यंत्र आणून भिंतीवर बसवलं होतं, आणि समितीचे सचिव म्हणून मास्तर त्याचा अर्ज भरत होते. अर्ज अकरा पानी होता. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं : एकही रकाना रिकामा ठेवू नये.

हे वाक्य छापायची मास्तरांसाठी गरज नव्हती. चौतीस वर्षं शाळेत त्यांनी रिकाम्या जागा सोडणाऱ्या मुलांचे कान पिळले होते. रिकामा रकाना दिसला की त्यांना उघडं गटार दिसल्यासारखं व्हायचं.

रकाना ७. सध्या वापरात असलेले निर्जंतुकीकरण उपकरण

"सध्या काय वापरतोस?"

"काही नाही. पावडर टाकतो."

"कशाने टाकतोस?"

"हाताने."

"हात हे उपकरण नाही. हातात काय असतं?"

पंपवाल्याने फळीवरून अॅल्युमिनियमचा वाडगा काढून दिला. वाडग्याला एका बाजूला चांगला खोल पोचा होता. "या पोच्याच्या वरच्या कडेपर्यंत पावडर घ्यायची, बादलीत कालवायची, टाकीत ओतायची. एक वाडगा, एक टाकी. नऊ वर्षं हेच चाललंय."

"आणि बरोबर पडतं?"

"रोज नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकून बघतो. पिवळं झालं की समजायचं, पाणी शहाणं झालं. वहीत लिहिलंय सगळं." त्याने वह्या दाखवल्या. नऊ होत्या. प्रत्येक दिवसापुढे एकच शब्द : पिवळं.

"पोचा कसा पडला?"

पंपवाल्याने मोटरीकडे पाहिलं. "बायकोने मारला."

"वाडग्याला?"

"मला. मी वाकलो, दाराच्या चौकटीला लागला. मग ती म्हणाली हे भांडं माझ्या डोळ्यांपुढे नको, म्हणून इकडे आणलं."

मास्तरांनी ही माहिती लिहिली नाही. तिला रकाना नव्हता. सातव्या रकान्यात मात्र त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिलं : ‘वाडगा, नग एक.’

"मास्तर, राहू द्या ना. ‘काही नाही’ लिहा."

"खोटं कशाला लिहायचं? आणि रिकामा तर मी ठेवणार नाही."

रकाना ७, पुढे चालू

मोटरीचा अर्ज वेगळा होता; तिला मंजुरी दुसऱ्याच दिवशी मिळाली. ती गळत होती, सुरू होताना शॉक द्यायची, पण तिच्यावर नंबर ठोकलेली पत्र्याची पट्टी होती. पट्टी पाहून कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारला.

वाडग्याला पट्टी नव्हती. यंत्राला होती, पण यंत्र आणि वाडगा एकाच अर्जात होते, आणि अर्ज फोडता येत नव्हता. बाईंनी विचारलं, "उत्पादक कोण?" मास्तरांनी लिहिलं, अज्ञात. "किती दाब सहन करतो?" मास्तरांनी पंपवाल्याकडे पाहिलं.

"बायकोचा केला सहन," पंपवाला म्हणाला.

मास्तरांनी लिहिलं, पुरेसा.

तिसऱ्या आठवड्यात तपासणीचे साहेब आले. माणूस सभ्य होता. चपला बाहेर काढून आत आला, निळं यंत्र हात न लावता दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि त्याच्या बटणावर लाखेचं सील लावलं. मग फळीवरचा वाडगा उचलला, कापडात गुंडाळला, पिशवीत घातला.

"अहो, तो लागतो मला उद्या सकाळी!"

"मंजुरीसाठी आलेलं उपकरण मंजुरीपर्यंत वापरता येत नाही. यंत्र भिंतीला आहे म्हणून इथेच सील केलं. हे सुटं आहे, प्रयोगशाळेत जाईल."

"मग दुसऱ्या वाडग्याने टाकतो."

"तो अर्जात आहे?"

"नाही."

"मग ते विनापरवाना उपकरण झालं. टाकीच बंद करावी लागेल मला."

"साहेब, मग पाणी कसं सोडू?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "पाणी सोडा की. पाण्याला मंजुरी लागत नाही."

रकाना ९. पर्यायी व्यवस्था

पर्यायी व्यवस्था म्हणजे पाळणाघरातली स्टीलची वाटी. पंपवाल्याने ती बायकोकडून मागून आणली आणि पहाटे लपूनछपून टाकीवर चढला. वाटीला पोचा नव्हता. पावडर किती घ्यायची ते डोळ्यांना माहीत होतं असं त्याला नऊ वर्षं वाटत आलं होतं. डोळ्यांना काही माहीत नव्हतं. माहीत होतं ते पोच्याला.

आठ वाजता बासष्ट घरांनी नाकं धरली. नळीत थेंब टाकले तर पाणी पिवळं नाही, गडद केशरी झालं. नऊ वाजता कुणीतरी कार्यालयात फोन केला की पाण्यात काहीतरी कालवलंय. दहा वाजता मास्तर कागद घेऊन पंपघरात आले.

"सही कर."

"कशावर?"

"‘मंजुरी मिळेपर्यंत मी पाण्यात काहीही टाकणार नाही.’ टाकी बंद झाली तर लोक मला जोड्याने मारतील रे."

"आणि टाकलं नाही तर?"

"उकळून पितील. मी सूचना लावतो."

पंपवाल्याने सही केली. मास्तरांनी प्रत्येक दारावर सूचना लावली, स्वच्छ अक्षरात, एकही चूक नाही. पाळणाघराच्या दारावर अंमळ खाली लावली, म्हणजे मुलांनाही दिसेल. मुलांना वाचता येत नव्हतं.

दोन दिवसांनी घरी बायको म्हणाली, "अकरा पोरांचं पाणी उकळतेय मी. दोन पातेली, दिवसभर. पण अंगणातला नळ कोण उकळणार?"

"नळाला कुलूप लाव."

"लावलं. तो थेंबथेंब गळतो. पोरं खाली जीभ धरून उभी राहतात. खेळ आहे त्यांचा."

"मी वायसर बदलतो उद्या."

"उद्या," बायको म्हणाली.

रकाना १०. मागील बारा महिन्यांत पाण्यामुळे आजारी पडलेल्यांची संख्या

हा रकाना मास्तरांनी अर्ज भरताना आनंदाने भरला होता. त्यात शून्य होतं.

पंपवाला दुसऱ्या दिवशी सकाळी वायसर घेऊन पाळणाघरात गेला तेव्हा बायको तिथे नव्हती. ती दवाखान्यात होती. चार वर्षांची एक मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, रात्रभर उलट्या-जुलाबांनी पिळून निघाली होती. आईवडील हादरले होते, म्हणून तिघांबरोबर चौथी म्हणून बायको गेली होती.

पंपवाला दवाखान्यात पोचला. चिमणीच्या हाताला सलाईन होतं. शीर सापडेना म्हणून तीन ठिकाणी सुई टोचून झाली होती आणि हात पावासारखा फुगला होता. त्याला बघून ती हळूच म्हणाली, "पंपवाले काका, मी जिंकले होते. सगळ्यात जास्त थेंब मी प्यायले."

बायको काही बोलली नाही. ती पुढे नऊ दिवस काही बोलली नाही. जेवण वाढायची, ताट ठेवल्याचा आवाज व्हायचा, तेवढंच.

त्याच दुपारी पाण्याचा नमुना नेला गेला. त्यात जंतू सापडले. पंपवाल्याला नोटीस आली : पाणी निर्जंतुक का केले नाही, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

रकाना ११. खुलासा

"बाई, ही नोटीस तुमचीच ना?"

खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटून पाहिला. "आमचीच."

"आणि माझा वाडगा तुमच्याकडेच?"

"तोही आमच्याकडेच."

"मग खुलासा काय लिहू?"

"अहो काका, सील लावणं ह्या टेबलाचं काम. निर्जंतुक न केल्याची नोटीस त्या टेबलाचं. त्या टेबलाला सील लावल्याचं माहीत नाही."

"सांगा ना मग. चार पावलांवर आहे."

"तोंडी चालत नाही," बाई म्हणाल्या, आणि एकदम आवाज खाली आणून विचारलं, "पोरगी कशी आहे?"

"सुटलं सलाईन. सूज आहे."

"माझी पण तेवढीच आहे." बाईंनी मंजुरीच्या गठ्ठ्यात हात घातला, तळातून त्याचा अर्ज काढला आणि सगळ्यात वर ठेवला. एवढंच त्यांच्या हातात होतं. एवढं त्या पहिल्याच दिवशी करू शकल्या असत्या, हे त्या दोघांनाही त्याच क्षणी कळलं, आणि दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

रकाना १२. निर्णय

निर्णय पाच दिवसांनी आला. साहेब स्वतः घेऊन आले. चपला बाहेर काढल्या.

निळं यंत्र नामंजूर. कारण : उपकरण चालवून पाहण्यात न आल्याने त्याची कार्यक्षमता सिद्ध होत नाही.

"बटणावर तुमचं सील होतं ना?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"होतं. म्हणूनच चालवलं गेलं नाही. तसं नोंदवलंय."

वाडगा मंजूर. कारण : हलणारे भाग नाहीत, विजेची आवश्यकता नाही, नऊ वर्षांच्या नोंदी समाधानकारक.

साहेबांनी खोक्यातून वाडगा काढला. पंपवाला बघतच राहिला. वाडगा चकचकीत होता. तळाला मंजुरीचा नंबर कोरला होता. आणि पोचा नव्हता. वाडगा चारही बाजूंनी गुळगुळीत, गोल, नवऱ्यामुलासारखा सजून आला होता.

"पोचा कुठंय?"

"प्रयोगशाळेने काढला. ‘दोष दूर केला’ म्हणून नोंद आहे. खास तुमच्यासाठी केलं हो, नाहीतर पोच्यावर नापास झाला असता." साहेबांना खरंच आनंद झाला होता. जाता जाता ते म्हणाले, "आता याच्या आकारात बदल करू नका. मंजुरी रद्द होते. आणि पोच भरून पाठवा, पाचच रकाने आहेत."

पंपवाला वाडगा घेऊन घरी आला आणि ओट्यावर ठेवला. बायकोने एकदा आत पाहिलं, एकदा बाहेरून हात फिरवला. नऊ दिवसांनी तिचा आवाज घरात आला.

"तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात?"

"दाराशी."

"मी इथेच होते. ओट्यापाशी. कशावरून भांडत होतो?"

"आठवत नाही."

"मलाही नाही. उभे राहा तिथे."

"अगं, मंजुरी जाईल."

"उभे राहा म्हणते ना! आणि या वेळी मधे येऊ नका, पण लांबही जाऊ नका. तुम्ही दिसल्याशिवाय माझा नेम लागायचा नाही."

तो दारात उभा राहिला. तिने वाडगा उचलला. तिला जुनं भांडण आठवायची गरज पडली नाही. पावासारखा फुगलेला एक हात तिला पुरला.

पहिल्यांदा वाडगा चौकटीला लागला, पण पोचा फार वर पडला. पंपवाल्याने तो उचलून परत नेऊन दिला. दुसऱ्यांदा भिंतीला लागला. तिसऱ्यांदा त्याच्या खांद्याला. तो हलला नाही. चौथ्या वेळी ती रडत होती आणि नेम चुकत होता, तरी तो वाडगा उचलून तिच्या हातात देतच राहिला. सातव्यांदा पोचा हवा तिथे पडला. तिथून दोघं सरळ पंपघरात गेली. पावडर पोच्याच्या वरच्या कडेपर्यंत, बादली, टाकी. दोन तास वाट पाहिली. मग नळी, थेंब.

बायकोने नळी उजेडात धरली. "पिवळं," ती म्हणाली.

पोच

मास्तर संध्याकाळी कागद घेऊन आले. पंपवाला बादलीवर बसला होता, खांद्याला ओला फडका. मास्तर स्टुलावर बसले, पेन काढलं आणि भराभर लिहीत गेले. उपकरणाचे नाव, लिहिलं. नग, लिहिलं. मंजुरी क्रमांक, तळाला बघून लिहिला. मिळाल्याचा दिनांक, लिहिला.

मग त्यांनी वाडगा फिरवून पाहिला. एक पोचा, दुसरा, तिसरा. सगळे बोटांनी मोजले. नळीतलं पाणी पाहिलं. त्यांची नजर नव्या वहीवर गेली, पहिल्या पानावर एकच शब्द होता.

"मास्तर," पंपवाला म्हणाला, "शेवटचं काय लिहायचं?"

मास्तरांनी पाचवा रकाना दोनदा वाचला. मग त्यांनी टोपण लावलं, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

रकाना ५. उपकरण मूळ स्थितीत आहे काय?